शेजारी जेवणारी आजी

माणूस गेला की त्याच्यावरचा राग विझतो, असं लोक म्हणतात. माझा विझलेला नाही. माझी आजी, म्हणजे आईची आई, जाऊन आता दुसरा हिवाळा आला. तरी अकोल्याला आईकडे गेले आणि शेजारच्या नंदाकाकूंच्या व्हरांड्याकडे नजर गेली की माझं डोकं तापतं. तिथे भिंतीला टेकून, पाय लांब करून, मांडीवर ताट घेऊन ती बसलेली असायची. आणि आमच्या दारात तिची स्वतःची मुलगी हात पुसत उभी असायची.

पण आधी ती होती कशी, ते सांगते. नाहीतर तुम्हाला वाटेल मी एका बिचाऱ्या म्हातारीवर उगाच तोंड टाकते आहे. बिचारी ती नव्हतीच.

ती राहायची मोर्शीला, मोठ्या मामाकडे. त्याचा संत्र्याचा बगीचा आहे. दिवाळीपर्यंत ती तिथे निमूट असायची, म्हणजे फक्त मामीला आणि गड्यांना धाकात ठेवायची. थंडी पडली की तिच्या अंगात यायचं. एका सकाळी उठून ती पिशवी भरायची आणि एसटी स्टँड गाठायची. आधी नांदगाव खंडेश्वरला नणंदेकडे, मग अमरावतीला धाकट्या मामाकडे, आणि संक्रांत जवळ आली की अकोल्याला आमच्याकडे. कुणाला कळवणं तिला मान्य नव्हतं. मोबाईल होता, पण तो पोचल्यावर करायचा असतो, असं तिचं ठाम मत. "मी स्टँडवर हाओ, कोणाले तरी पाठव," एवढं बोलून ती फोन बंद करायची. तुम्ही घरी आहात की नाही, कुणी आजारी आहे की कुणाची परीक्षा आहे, याच्याशी तिला घेणंदेणं नव्हतं. पंच्याहत्तरी उलटल्यावर एसटी फुकट झाली, तेव्हा तर आमच्या कपाळावर हात मारायची वेळ आली. त्या साली ती दोनदा आली.

बसमध्ये ती ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर खिडकीशी बसायची. तिथे कुणी बसलेलं असलं तर ती उभी राहून त्याच्याकडे बघत राहायची. बोलायची नाही, नुसती बघायची. बहुतेक लोक बडनेऱ्याच्या आत उठायचे. मग ती शेजारच्या बाईला संत्रं सोलून द्यायची, साल परत मागून घ्यायची, कारण ती वाळवून अंघोळीला लागते, आणि मूर्तिजापूर येईस्तोवर त्या बाईची सासू, नणंद, सुनेचं माहेर सगळं काढून घ्यायची. घरी आली की दोन दिवस आम्हाला त्या अनोळखी बाईच्या सुनेच्या तक्रारी ऐकाव्या लागायच्या. त्या सुनेची बाजू घेतली तर आजी चिडायची. आम्ही तिला पाहिलेलंही नसायचं.

तिला दोन शौक होते. एक पत्त्यांचा. मेंढीकोट खेळायला बसली की तिला चहा, देव, नात, कुणी आठवत नसे. ती पानं लपवायची, हे सगळ्यांना माहीत होतं. लुगड्याच्या घोळातून हुकमाची दश्शी निघाली तरी तिचा चेहरा हलायचा नाही. "पडली असन," म्हणायची. हरली तर जोडीदाराचा उद्धार व्हायचा. मी तिची जोडीदार असायचे, म्हणून हे मी अनुभवानं सांगते.

दुसरा शौक जगावेगळा होता. तिला लोकांची बांधकामं बघायला आवडायची. आमच्या कॉलनीत कुठे विटा पडलेल्या दिसल्या की ही काठी घेऊन तिथे हजर. अर्ध्या भिंतींतून आत शिरायची, सैपाकघर कुठलं ते विचारायची आणि त्यात उभी राहून डोळे मिटायची. वारा येतो का, ते बघत असे म्हणे. एकदा एका वकिलाच्या बंगल्यात तिनं जाहीर केलं की या घरची बाई चुलीपाशी घुसमटून मरेल. वकील तिथेच उभे होते. त्यांनी तिला बाहेर काढलं. घरी येऊन ती दिवसभर त्या वकिलाच्या नावानं बोटं मोडत होती, आणि दुसऱ्या दिवशी मागच्या बाजूनं पुन्हा आत गेली. आईला त्यांच्या घरी जाऊन माफी मागावी लागली. आजीला त्याचं काही वाटलं नाही. तिला कशाचंच काही वाटत नसे.

बाकीच्यांच्या सैपाकघरात वारा येतो की नाही याची तिला एवढी चिंता. स्वतःच्या मुलीच्या सैपाकघरात तिनं घोटभर पाणी प्यायलं नव्हतं.

हे मी वाढवून सांगत नाही. लेकीच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, हा जुना रिवाज. आता तो कुणी पाळत नाही. जे पाळायचे तेही नातवंड झाल्यावर सोडायचे. माझ्या आजीनं मी झाल्यावरही सोडला नाही, माझा भाऊ झाल्यावरही नाही. मोर्शीहून निघताना ती भाकरी, तिळाची चटणी, लाह्या असं बांधून घ्यायची. प्यायच्या पाण्याचा एक पाच लिटरचा कॅन असायचा. नांदगावला आणि अमरावतीला तो भरून घेतला जायचा, कारण तिथे नणंद आणि मुलगा. आमच्याकडे आली की तो पलंगाखाली ठेवायची आणि त्यातलं मोजकं पाणी प्यायची. राहायची आमच्या घरात, झोपायची आईच्या पलंगावर, पांघरायची आईची रजई. जेवायची मात्र स्वतःची वाळकी भाकरी. आई समोर बसून तिच्याकडे बघत राहायची. "माय, निदान दूध तरी घे," म्हणायची. "दूध काय तुह्या घरचं नाही?" एवढंच उत्तर.

पाणी संपलं की ती परत जाईल, असं मला लहानपणी वाटायचं. मी वाट बघायचे. पण ती जायची नाही. ती शेजारी जायची.

नंदाकाकू आमच्या भिंतीला भिंत लागून राहतात. सरळ, हसऱ्या बाई, पत्त्यांच्याही शौकीन. पहिल्यांदा त्यांनी सहज म्हणून चहाला बोलावलं आणि आजी गेली. चहा प्याली, वर पाणी प्याली, पोहे खाल्ले. आई खिडकीतून बघत होती. मी तेव्हा शाळेत होते. संध्याकाळी मी आजीला विचारलं की तुला नंदाकाकूंचं चालतं मग आमचं का नाही. तिनं मी मूर्ख असल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. "नंदा काय माही पोरगी हाय?" म्हणाली.

गल्लीतल्या कुणाच्याही घरचा चहा तिला चालायचा. इस्त्रीवाल्याकडचा चालायचा. त्या बंगल्याच्या मिस्त्रीनं डब्यातली भाजी पुढे केली तर तीही चालायची. साऱ्या अकोल्यात एकच घर वर्ज्य होतं, आणि त्या घरी तिची मुलगी सैपाक करत होती.

मग आईनं जे केलं ते मला कळलं तेव्हा मी तिच्यावरही चिडले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ती ज्वारीचं पीठ, बेसन, तेल, मसाला पदराआड घेऊन मागच्या दारानं नंदाकाकूंकडे गेली आणि त्यांच्या ओट्याशी उभी राहून तिनं सगळा सैपाक केला. पाणी नंदाकाकूंचं, गॅस नंदाकाकूंचा. ताट नंदाकाकूंनी वाढलं आणि बाहेर नेऊन दिलं. आई मागच्या दारानं घरी परत. आजी पोटभर जेवली. आई त्या दिवशी गुणगुणत धुणं धूत होती.

तेव्हापासून दर हिवाळ्यात हेच. आजी आली की आईचा सैपाक दोन घरांत. आधी आमचा, मग तिकडचा. बाबा म्हणायचे, या माय-लेकींच्या भानगडीत मी पडणार नाही. ते पडलेही नाहीत. त्यांना वेळेवर ताट मिळत होतं.

आणि आजी काय करायची? नंदाकाकूंची तारीफ. पातोडीचा रस्सा तिच्या जिवाचा. बेसनाच्या वड्या, खसखस-खोबऱ्याचं वाटण, वर तेलाचा तवंग. हा रस्सा आईला तिनंच शिकवलेला, लग्नाआधी, मोर्शीच्या चुलीवर. तो ती व्हरांड्यात बसून ओरपायची आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, "नंदाच्या हाताले चव हाय. बेबी, शीक काही हिच्यापासून. तुहं नुसतं हळद-मीठ."

बेबी म्हणजे माझी आई. ती आमच्या दारात उभी राहून हे ऐकायची आणि हसायची. नंदाकाकू बिचाऱ्या कानकोंड्या व्हायच्या. मला मात्र ते ताट उचलून फेकून द्यावंसं वाटायचं. मी आईला म्हणायचे, सांगून टाक. आई म्हणायची, "जेवते ना ती. मंग झालं." मी म्हणायचे, ती तुझा अपमान करते चारचौघांत. आई म्हणायची, "तुले नाही समजत." हे वाक्य मी आयुष्यात सगळ्यात जास्त वेळा ऐकलं आहे आणि दर वेळी मला तितकाच संताप आला आहे. न समजण्यासारखं त्यात काय होतं? आईला एवढंच हवं होतं की तिच्या मायनं तिच्या घरी, तिच्या हातचं, तिच्यासमोर बसून जेवावं. यात मागण्यासारखं काही नव्हतं. हे तर कुणालाही न मागता मिळतं.

आता तिच्या शेवटच्या हिवाळ्याचं सांगते. शेवटचा आहे, हे तेव्हा कुणाला माहीत नव्हतं. गुडघे दुखायला लागले होते, म्हणून तिला परत न्यायला धाकटा मामा अमरावतीहून गाडी घेऊन येणार होता. मामा कॉलेजात शिकवतो. माणूस वाईट नाही, पण आपण फार गमतीदार आहोत असा त्याचा समज आहे, आणि वर्गातल्या मुलांनी तो कधी मोडला नाही. संक्रांत होऊन गेली होती. मी सुट्टी काढून आले होते. मामा सांगितल्याच्या दोन तास आधी आला, आमचं पुढचं दार लोटलेलं दिसलं म्हणून गल्लीतून मागे गेला, आणि त्याला नंदाकाकूंच्या सैपाकघरात बहीण दिसली. पदर खोचलेला, हातात पळी.

त्यानं तिथे काही विचारलं असतं तरी चाललं असतं. पण त्याला गंमत सापडली होती. तो तसाच पुढे व्हरांड्यात आला. आजीनं पहिला घास घेतलेला. तिनं नेहमीचं सुरू केलं, नंदाच्या हाताले चव हाय. मामा हसत म्हणाला, "नंदाताईचा हात कुठला घेऊन बसली, माय? आतमंदी तं बेबी रस्सा ढवळून राहिली."

आणि तो हसत राहिला. एकटाच.

आजीचा हात ताटातच थांबला. नंदाकाकू दारात उभ्या होत्या, त्यांनी मान खाली घातली. आजीनं हातातला घास ताटात ठेवला, ताटाला नमस्कार केला आणि ते बाजूला सरकवलं. "नंदा, हात धुवाले पाणी दे," म्हणाली.

मामानं काहीतरी जमाना बदलल्याचं सुरू केलं. आजी त्याच्याकडे वळली. तिला चिडलेली मी शेकडो वेळा पाहिली होती, पण असा आवाज ऐकला नव्हता. तो खालचा होता.

"तू काहून बोलला?" ती म्हणाली. "मले माईत नव्हतं का? पोरीच्या हातचं मायले समजत नाही का? समजे म्हणूनच मी बोलत नव्हती. बोलली असती तं खाता आलं नसतं. आता तू बोलला. आता मी कुठं खाऊ?"

तिला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून. मला त्या क्षणी मामापेक्षा तिचाच जास्त राग आला. माहीत असून ती त्या व्हरांड्यात बसून माझ्या आईला साऱ्या गल्लीसमोर बेचव ठरवत होती. हे मी बोलणार, तेवढ्यात आई बाहेर आली. पळी तिच्या हातातच होती, रस्सा फरशीवर ठिबकत होता.

"तुले माईत होतं," आई म्हणाली.

"हो."

"अन् तरी मले म्हणे, नंदापासून शीक."

"मंग काय म्हणू? बेबी, लय चांगलं झालं म्हणू? तुही तारीफ कराची तं नंदाचं नाव घ्या लागे."

आई नंदाकाकूंच्या पायऱ्या उतरली आणि आमच्या घरात गेली. माझी आई कधी दार आपटत नाही. त्या दिवशी आपटलं.

आजीनं मामाला गाडी वळवायला सांगितलं. पण तिची पिशवी आमच्या घरात होती, म्हणून तिला आत यावं लागलं. मी मागोमाग गेले. आई सैपाकघरात ओट्याला पाठ लावून उभी होती. बाबा खुर्चीत पेपर घेऊन. आजीनं पलंगावरची पिशवी उचलली, आणि आईनं तिथूनच विचारलं, "काहून नाही खात तू माह्या घरचं? एकदा सांग. मी कधी विचारलं नाही. आज सांग."

आजीनं पिशवीचा बंद आवळला. मग म्हणाली, "लग्नात तुह्या बापानं तुहा हात देल्ला. पाणी मी सोडलं. ह्या हातानं. सोडलं ते सोडलं. त्या घरचं परत नसते घ्यावं."

"मी गाय नव्हती, माय," आई म्हणाली. तिचा आवाज फाटला. "गाय देल्ली तरी माणूस वर्षातून एकदा पाहून येते, चारा खाते का नाही ते. तू दरसाल आली. माह्या पलंगावर झोपली. माह्या हातचं लपूनछपून खाल्लं. अन् माह्या घराले काय झालं होतं? काय विटाळ होता त्याले?"

आजीनं पिशवी खांद्याला अडकवली.

आईनं मांडणीवरचा ग्लास घेतला आणि आमच्या पिंपातून भरला. आमचा भाग खारपाणपट्ट्यातला, जमिनीतलं पाणीच खारट. नळ आठवड्यानं येतो, तेही आला तर. एरवी बोअर. गल्लीतल्या सगळ्यांनी प्यायला विकतचे जार लावले होते, नंदाकाकूंनी तर केव्हाच. बाबांच्या मते जार हे थेर आहेत आणि बोअरच्या पाण्यानं माणूस काटक होतो. आम्ही दोघं भावंडं घराबाहेर पडलो आणि गोड पाणी प्यायला लागलो. आई तेच पीत राहिली. आजी आमच्या अंघोळीच्या पाण्याला दरवर्षी नावं ठेवायची, साबणाला फेस येत नाही म्हणून. पण प्यायचं वेगळं असेल, असं ती धरून चालली होती.

"तू सोडलं तेवढंच परत देते," आई म्हणाली. "जास्त नाही. घे."

बाहेर मामानं हॉर्न वाजवला. आजीनं ग्लासाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. मग पिशवी खाली ठेवून तिनं ग्लास घेतला आणि वरून एक घोट तोंडात ओतला. तो तिला गिळवेना. कसाबसा गिळला.

"हे प्याचं पाणी हाय?" तिनं विचारलं.

"हो."

"रोजचं?"

"रोजचं."

"लग्नापासून?"

आईनं मान डोलावली. आजी बाबांकडे वळली. त्यांनी पेपर खाली ठेवला होता. "जावईबापू, माह्या पोरीले हे पाजून राहिले तुमी एवढे वर्षं?" बाबा उठून उभे राहिले.

"त्याइले काहून विचारतं?" आई म्हणाली. "तू कधी पिऊन पाह्यलं असतं तं तुले समजलं असतं."

आजी खाली बसली. बसली म्हणजे गुडघे मोडून जमिनीवर टेकली, तिथेच, सैपाकघराच्या दारात. ग्लासात उरलेलं सगळं पाणी ती प्याली, थांबत थांबत, तोंड वाकडं करत, पण थेंबही न ठेवता. मग रिकामा ग्लास तिनं आईपुढे धरला.

"अजून दे," म्हणाली.